प्रोग्रामेबल ईसीयू घेताना आधी ट्यूनर ठरवा

गाडीला बाहेरचा प्रोग्रामेबल ईसीयू (इंजिन चालवणारा, सेटिंग बदलता येणारा कॉम्प्युटर) बसवायचा असेल तर ब्रँडच्या आधी ट्यूनर, म्हणजे ती सेटिंग करणारा माणूस, ठरवा. त्याचा हात ज्या सॉफ्टवेअरवर बसलाय तोच ईसीयू घ्या. मॅप (किती इंधन, कधी ठिणगी याचे तक्ते) भरणारं कुणी नसेल तर महागडा ईसीयू म्हणजे नुसताच डबा.

मग इंजिनाकडे वळा. क्रँकचं ट्रिगर व्हील (क्रँक कुठे आहे ते सेन्सरला कळवणारं दातेरी चाक) कुठलं आहे, ६०-२ (६० दात्यांतले २ गाळलेले), ३६-१ की आणखी काही? ईसीयूला तो पॅटर्न वाचता आला नाही तर गाडी सुरूच होणार नाही. इंजेक्टरचा रोध मल्टिमीटरने मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयू ते थेट चालवतात. २-३ ओहमवाल्यांना पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त, मग कमी करंट देणारं सर्किट) किंवा वेगळे रेझिस्टर लागतात, नाहीतर ईसीयूच जळायचा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर ईसीयूत त्याचा कंट्रोल आहे का ते बघा, स्वस्त मॉडेलमध्ये तो बऱ्याचदा नसतो. टर्बो असेल तर नॉक सेन्सरच्या (इंधन अवेळी पेटल्याची ठकठक पकडणाऱ्या सेन्सरच्या) इनपुटवर पैसे वाचवू नका.

नव्या गाड्यांत मीटर, एबीएस, एसी सगळे कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) बोलतात. तिथे मूळ सॉकेटमध्ये थेट बसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला ईसीयू बरा. हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापायची हौस नंतर महागात पडते. आणि हो, मूळ ईसीयू विकू नका.