कीडनाशक बुरशी पिकाच्या आत कशी वसवावी

बिव्हेरिया बॅसियाना आणि मेटारायझियम या बुरश्या किडीच्या अंगावर रुजून तिचे कवच भेदतात, हे जैविक फवारणी करणाऱ्यांना ठाऊक असते. याच बुरश्या पिकाच्या मुळांत, खोडात व पानांत शिरून त्याला अपाय न करता राहू शकतात आणि तेथे त्यांचे कडक उन्हापासून रक्षणही होते. ही त्यांची सर्वांत मोलाची बाजू मात्र दुर्लक्षित राहते. बिव्हेरिया बहुधा झाडभर पसरते, तर मेटारायझियम मुख्यतः मुळांतच राहते. म्हणून खोड व पाने खाणाऱ्या किडींसाठी पहिली आणि जमिनीतील किडींसाठी दुसरी निवडावी.

प्रवेश घडवायचा तो बियाण्यात किंवा कोवळ्या रोपातच. रासायनिक बुरशीनाशक चोळलेले बियाणे या कामी मुळीच घेऊ नये, कारण ते आपलीच बुरशी मारते. प्रयत्न फसण्याचे हे कारण सहज टाळता येण्याजोगे आहे. द्रावणात मिलिलिटरला किमान 1 कोटी जिवंत बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) असावेत. पाकिटावर ग्रॅमला 10 कोटी अशी नोंद असेल, तर 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम भुकटी लागते. बीजाणू पाण्यात सहज मिसळत नाहीत, म्हणून थोडे सौम्य प्रसारक द्रव्य घालावे. बियाणे काही तास भिजवून सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. भिजल्यावर ज्यांचे साल सुटते, अशा शेंगवर्गीय बियांना द्रावण केवळ हलक्या हाताने चोळावे. पुनर्लागवडीच्या रोपांची मुळे सुमारे अर्धा तास बुडवावीत.

बुरशी आत स्थिरावली का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. प्रयोगशाळेची सोय असल्यास पानाचे तुकडे बाहेरून निर्जंतुक करून, धुऊन, बुरशी वाढवणाऱ्या पोषक माध्यमावर ठेवावेत आणि शेवटच्या धुवणाचा थेंब वेगळ्या बशीत तपासावा; त्या थेंबातूनही बुरशी उगवली, तर तुकड्यांवर दिसणारी बुरशी पानाच्या आतलीच आहे असे म्हणता येत नाही.

पांढऱ्या बुरशीने माखलेल्या मेलेल्या अळ्या शोधत बसू नये. आतल्या बुरशीचा परिणाम बहुधा अळीची वाढ मंदावणे, तिने कमी खाणे आणि पुढील पिढीत अंडी घटणे, असा हळूहळू दिसतो, कारण त्यात झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचाही वाटा असतो. म्हणून उपचार केलेल्या ओळींशेजारी काही ओळी उपचाराविना ठेवून दोन्हींतील नुकसान मोजावे. झाडातील बुरशीचे प्रमाण काही आठवड्यांत घटू शकते. तशी शंका आल्यास सायंकाळी, जमीन ओलसर असताना, मुळाशी पुन्हा आळवणी करावी.

रेशीम किड्यांच्या तुतीजवळ मात्र बिव्हेरिया वापरू नये. इटालियन संशोधक ॲगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये रेशीम किड्यांच्या ज्या रोगाचे मूळ दाखवून दिले, तो याच बुरशीमुळे होतो.