दाढ दुखायची थांबली म्हणून बरी झाली असं नाही: इन्फेक्शन जबड्यात उतरतं तेव्हा लोक ज्या चुका करतात

गाल सुजवून आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, ही दाढ पूर्वी कधी दुखली होती का. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "दुखली होती मॅडम, पण मग आपोआपच थांबली." माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि शिकलेली न् शिकलेली नसलेली सगळीच माणसं ती करतात, म्हणून आधी तीच.

दाढेच्या आत जी नस असते तिथपर्यंत कीड पोचली की रात्री झोपू न देणारा ठणका लागतो. मग काही दिवसांनी नस मरते आणि ठणका थांबतो. नस मेली, जंतू नाही मेले. उलट आता त्यांना अडवायला त्या दाढेत रक्तच पोचत नाही, ते निवांत मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथं पू साठतो आणि हाड पोखरून जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. वाट कुठली मिळणार हे मुळाच्या जागेवर ठरतं. नशीब चांगलं असेल तर हिरडीवर पुळी येते, तोंडातच फुटते. वरच्या सुळ्याचा पू डोळ्याखाली चढतो, डोळा बंद व्हायची वेळ येते. पण खालच्या दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचलेली असतात, त्यामुळे तिथला पू थेट जबड्याखाली, मानेत उतरतो, आणि मान म्हणजे श्वासनळीचा शेजार.

एक केस सांगते. साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला आलेली बाई, वय पस्तिशीच्या आसपास. गावाकडून निघायच्या आधी खालची दाढ दुखत होती, मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, थांबली. मग तोडणी सुरू झाली, आणि तोडणीत एक दिवस बुडाला की खाडा पडतो, पैसे कापले जातात, त्यामुळे दाढ बारीक ठसठसत होती तरी कोण दाखवायला जातंय. जानेवारीत गाल सुजला, अड्ड्याजवळच्या किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या, मग कुणाकडून तरी एक इंजेक्शन, सूज जराशी उतरली, परत कामावर. तिसऱ्या दिवशी रात्री टेम्पोत घालून आणली तेव्हा दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली सूज होती, बोट दाबलं तर दबत नव्हतं, लाकडासारखी टणक. जीभ वर उचलली गेलेली, तोंड मिटत नव्हतं, लाळ गिळता येईना म्हणून पदर तोंडाशी धरलेला आणि पदर पूर्ण भिजलेला. पुढं वाकून बसली होती, वॉर्डबॉय तिला स्ट्रेचरवर आडवं करायला गेला तर हाताने ढकलत होती. सोबतचे म्हणत होते घाबरलीये, ऐकत नाही. ती घाबरलेली नव्हती, आडवं झालं की तिचा श्वास बंद होत होता. मी म्हटलं ताईला बसूनच राहू दे.

शुगर तपासली तर ४०० च्या वर, आणि आपल्याला डायबेटिस आहे हे तिला माहीतच नव्हतं. भूलतज्ज्ञांनी जागेपणीच नाकातून दुर्बिणीवर नळी घातली, शेजारी गळ्याला भोक पाडायची तयारी मांडून ठेवलेली होती. जबड्याखाली चिरा दिल्या तर लोकांना वाटतो तसा वाटीभर पू निघाला नाही, थोडं तपकिरी, अतिशय घाण वासाचं पाणी आलं. या आजारात बऱ्याचदा असंच असतं, म्हणून "अजून पू पिकला नाही, थांबू" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. त्याच वेळी दाढ काढली, घाण बाहेर येत राहावी म्हणून ड्रेन म्हणजे नळ्या ठेवल्या, आयसीयू, इन्सुलिन, शिरेतून अँटिबायोटिक. वाचली. याला लुडविग अँजायना म्हणतात, विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ साली वर्णन केलेला आजार. अँटिबायोटिक यायच्या आधी यात अर्ध्याहून जास्त माणसं दगावायची. आज वाचतात, पण वेळेत पोचली तर.

ठणका मोजू नका, या गोष्टी बघा

तोंडात आपलीच तीन बोटं उभी जातात का बघा. काल जात होती आणि आज एकच जातंय, म्हणजे इन्फेक्शन चावायच्या स्नायूंपर्यंत गेलंय. गिळताना त्रास, लाळ गळणं, तोंडात काहीतरी गरम धरल्यासारखा आवाज, जीभ वर आल्यासारखी वाटणं, आडवं झाल्यावर घुसमट, सूज जबड्याची कड सोडून मानेत उतरणं किंवा वर डोळ्यापर्यंत चढणं, ताप आणि थंडी. यातलं एक जरी असलं तर दातांच्या दवाखान्याची सकाळची अपॉइंटमेंट घेऊन झोपायचं नाही, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं, जिथं भूलतज्ज्ञ आणि आयसीयू आहे. श्वासाला त्रास असेल तर १०८ ला फोन, आणि पेशंटला बसवूनच न्यायचं. जबरदस्तीने काही खायला-प्यायला घालू नका, ऑपरेशन लागू शकतं.

दुखण्याच्या गोळीवर ताप दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. चार-चार तासांनी गोळी घेणारा माणूस "ताप नाहीये" म्हणतो तेव्हा त्याला काही अर्थ नसतो.

तीन दिवसांची अँटिबायोटिक

ही माझी दुसरी जुनी तक्रार आणि यात पेशंट, मेडिकलवाले आणि आमच्यातले डॉक्टर, सगळेच येतात. मेलेल्या दाढेच्या आत रक्त जात नाही, मग गोळी तरी कशी जाणार? आजूबाजूच्या पेशींमधलं इन्फेक्शन गोळीने दबतं, सूज उतरते, उगम जिथल्या तिथं राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी परत. दर वेळी वेगळी पट्टी, दर वेळी दोन-तीन दिवसांत बंद, "बरं वाटलं म्हणून सोडली." असं चार वेळा झालं की पुढच्या वेळी नेहमीची औषधं चालत नाहीत आणि मग लोक विचारतात एवढं महागडं इंजेक्शन कशाला.

खरा इलाज दोनच गोष्टींचा, पू बाहेर काढा आणि दाढेचं काय ते करा, रूट कॅनल करा नाहीतर काढून टाका. अँटिबायोटिक सोबतीला. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचनांमध्ये तर स्पष्ट आहे, प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या मोठ्या माणसाला, ताप आणि पसरणारी सूज नसताना, दातावर लगेच उपचार करता येत असतील तर अँटिबायोटिक द्यायचीच गरज नाही. ताप असेल, सूज पसरत असेल, शुगर किंवा केमो चालू असेल, तर जरूर द्यायची, पण तेव्हाही नुसती गोळी देऊन घरी पाठवायचं नाही. माझी सवय अशी की गोळी सुरू केली तर दोन-तीन दिवसांत पेशंटला परत बघायचंच, तोंड किती उघडतंय ते पट्टीने मोजून कागदावर लिहायचं. "बरं वाटतंय का" या प्रश्नावर मी निर्णय घेत नाही.

आणि ते "सूज असताना दात काढत नाहीत" हे वाक्य कृपा करून विसरा. पू असलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही हे खरं, कारण तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं, पण त्यासाठी लांबून नस बधिर करायची पद्धत आहे, अगदीच नाही जमलं तर पूर्ण भूल आहे. पाच दिवस गोळ्या खा, सूज उतरली की या, असं सांगण्याने पेशंट सूज उतरल्यावर येत नाही. नव्या डॉक्टरांना हे दहादा सांगावं लागतं.

रूट कॅनलच्या पहिल्या बैठकीनंतर गायब होणारेही यातच. दुखणं थांबलं की "झालं काम." वर लावलेलं सिमेंट तात्पुरतं असतं, काही आठवड्यांत त्याच्या कडा सुटतात, लाळ आत जाते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. अर्धवट सोडण्यापेक्षा दाढ काढलेली बरी, हे मी तोंडावर सांगते. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं खर्च खाजगीच्या मानाने फार कमी येतो. रांग असते, पण काम होतं.

हनुवटीवरचं न भरणारं भोक

एक शिंपीकाम करणारा मुलगा, हनुवटीखाली बारीक भोक, त्यातून मधूनमधून पू. खपली धरायची, गळून पडायची, परत पू. मलमं झाली, ड्रेसिंग झालं, एकदा तर कातडीवरची ती गाठ कापून टाके घातले, तरी परत आलं. दात कुणी विचारलेच नाहीत कारण दात दुखतच नव्हता. मी ओठ खाली ओढून बघितला तर खालचा पुढचा एक दात किंचित करडा. लहानपणी सायकलवरून पडला होता. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग. रूट कॅनल केलं, कातडीला हातही लावला नाही, भोक आपोआप भरून आलं, फक्त एक खळी राहिली. चेहऱ्यावर, जबड्याच्या कडेला न भरणारी जखम असेल तर कातडीवर खर्च करायच्या आधी दातांचा एक्स-रे काढा.

हाच पू फार दिवस हाडातच अडकून बसला तर हाड कुजतं, त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. खालच्या जबड्यात जास्त, कारण ते हाड घट्ट आणि त्याला रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीचा. खोलवर दुखतं, शेजारचे चांगले दात हलायला लागतात, आणि खालचा ओठ बधिर होतो. ओठ बधिर झाला हे कधीही हलक्यात घेऊ नका. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, हाडातला बराचसा चुना गेल्याशिवाय त्यात दिसतच नाही, म्हणून "एक्स-रे तर चांगला आहे" यावर विसंबून न राहता सीटी स्कॅन. उपचार आठवड्यांचे असतात, पू तपासणीला पाठवून त्याप्रमाणे औषध आणि मेलेलं हाड काढून टाकणं. इथं घाई करणाऱ्या पेशंटला मी सुरुवातीलाच सांगते, मधेच सोडणार असाल तर आजच सांगा.

बाकीच्या चुका पटापट सांगते. बाहेरून गरम शेक देऊ नका, पू कातडीकडे येऊन गालावर फुटू शकतो, शेकायचंच तर तोंडाच्या आतून, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते, पांढरी पडते. लवंगेच्या तेलाने दुखणं कमी होतं, इन्फेक्शन नाही. तंबाखू, मिश्री, तपकीर दाबून ठेवणं हा इलाज नाही. सुईने पुळी फोडणं अजिबात नाही. सूज उतरवायला नुसतं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, शुगरवाल्यांनी तर मुळीच नाही. मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक चालू असताना दारू नाही. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर न विचारताही सांगा.

पोरांच्या बाबतीत, दुधाचा दात पडणारच आहे म्हणून पू तसाच ठेवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते आणि लहान मुलात सूज फार झपाट्याने पसरते. आणि कानाच्या पाळीखाली सूज दिसली की सरसकट गालफुगी समजून लेप लावत बसू नका, तोंड उघडून दाढ बघा. गरोदर बाईनेही दातांचं इन्फेक्शन बाळंतपणापर्यंत लांबवायचं नाही, उपचार करता येतात.

गुटखा खाणाऱ्यांचं वेगळंच. त्यांचं तोंड आधीच वर्षानुवर्षं दोन बोटं उघडत असतं, त्यामुळे इन्फेक्शनने ते अजून बंद झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आम्हालाही मागच्या दाढेपर्यंत पोचता येत नाही. शिवाय तंबाखूवाल्याच्या जबड्याची सूज किंवा दाढ काढलेली जागा दोन आठवड्यांत भरत नसेल तर आणखी एक अँटिबायोटिक न देता तुकडा तपासायला पाठवायचा. कॅन्सरवर महिनाभर इन्फेक्शनच्या गोळ्या चाललेल्या बघितल्या की मला संताप येतो.

वरच्या जबड्याचं २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलंय. कोविडनंतर, शुगर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेले, चांगले दात एकदम हलायला लागले, गाल बधिर, टाळूवर काळा डाग, आणि लोक दात काढून घ्यायला आले. तो म्युकर होता, म्हणजे काळी बुरशी. कोविड ओसरला तरी बेताल शुगरवाल्यांमध्ये तो अजून दिसतो, त्यामुळे कीड नसताना वरचे दोन-चार दात एकत्र हलले तर त्याच दिवशी दाखवा.

येताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन या, "ती पांढरी गोळी" म्हटलं तर मला काही कळत नाही. शुगरचा रिपोर्ट, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर त्या, हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईन घेतली असेल तर ते, आणि जबड्याला कधी रेडिएशन झालं असेल तर ते आधी सांगा, दाढ काढायला चिमटा हातात घ्यायच्या आधी. शेवटच्या दोन्हींत दाढ काढल्यावर हाडच भरून न येण्याचा धोका असतो आणि मग मी शक्यतो दाढ वाचवायचाच मार्ग धरते.