आत शिरण्याआधी किट उतरवायची जागा लावा

घरात कोणी एकटं वारलं आणि काही दिवसांनी कळलं, किंवा खोलीत खूप रक्त सांडलं, तर पोलिस आणि डॉक्टर गेल्यावर ती खोली साफ करायला आम्ही जातो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी दर वेळी तोंडी सांगते. आता एकदाचं लिहून ठेवते.

पहिल्यांदा काम माझ्या जबाबदारीवर आलं तेव्हा आम्ही दोघं होतो. आत जायची तयारी चोख होती. चार तासांनी दारात आलो तेव्हा सूटच्या आत घामाने निथळत होतो, गॉगलवर वाफ धरली होती, आणि अंगावरचं किट (सूट, मोजे, मास्क, गॉगल) कुठे उतरवायचं हे ठरलेलंच नव्हतं. प्लास्टिकची शीट आणि पिशव्या, दोन्ही खाली गाडीत राहिलं होतं. मी तशीच जिना उतरायला लागले आणि तोल जाऊ नये म्हणून कठडा धरला. वारलेल्या गृहस्थांची बहीण खालच्या पायऱ्यांवर बसली होती. मला वाट द्यायला त्या उठल्या आणि उठताना त्यांनीही तोच कठडा धरला. त्यांना हात धुवायला सांगावं लागलं आणि का धुवायचे तेही सांगावं लागलं. सुदैवाने त्यांच्या हाताला जखम नव्हती. तीन मजल्यांचा जिना आणि कठडा आम्ही पुन्हा धुऊन काढला, पण त्या आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या होत्या ते मी विसरलेले नाही.

म्हणून सगळ्यात आधी किट उतरवायची जागा. बाकी सगळं नंतर.

त्याआधीची एकच गोष्ट, आणि ती आजच्या आज होत नाही: हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची लस. नेहमीच्या पद्धतीने तीन डोस, दुसरा महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मग एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. "रक्त वाळलंय, आता काय होतंय" असं मला ऐकवू नका. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो आणि वाळलेला डाग बघून तो आहे की नाही ते सांगता येत नाही. हिपॅटायटिस सी वर लस नाही. त्यामुळे प्रत्येक थेंब संसर्गाचाच धरून चाला, वारलेली व्यक्ती कोणीही असो.

घरच्यांशी फोनवर बोलताना घाई करू नका. पोलिसांचा तपास संपून जागा परत मिळाली आहे का, तसं लेखी आहे का? किती दिवस झाले? जमीन कसली आहे, लाकूड, फरशी की गालिचा? पाणी आणि वीज चालू आहे का? एसी आणि पंखे बंद ठेवायला सांगा, नाहीतर दुर्गंधी आणि धूळ घरभर फिरते. काय जपून ठेवायचं आहे तेही विचारा: कागदपत्रं, फोटो, अंगठी. हे विचारताना समोरचा रडला तर थांबा, प्रश्न नंतर विचारता येतात. आणि एक प्रश्न न विसरता विचारा: दाराबाहेर मोकळी जागा किती आहे? मी तो विचारलाच नव्हता. जागा अरुंद असेल तर उतरवायची सोय घरातल्याच स्वच्छ खोलीत करावी लागते, आणि ते जिन्यात उभं राहून ठरवता येत नाही.

सामानातलं सूट, बूट कव्हर, गॉगल हे सगळ्यांना माहीत आहे. हातमोजे दोन जोड, वरची जोडी सूटच्या बाहीवरून चढवून टेप लावायची. टेपचं टोक दुमडून ठेवा, नाहीतर उतरवताना तेच खरवडत बसाल आणि मोजा फाटेल. एन-९५ मास्क कण अडवतो, वास आणि वाफ अडवत नाही. बरेच दिवस उलटलेल्या जागी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज (वाफ शोषून घेणारी डबी) असलेला रेस्पिरेटर मास्क लागतो. सुया-काचांसाठी टणक डबा घ्या, पिशवी नको, आणि तो पाऊण भरला की बंद करा.

ब्लीच. घाणीवर नुसतं ओतून उपयोग नाही, रक्तातल्या प्रथिनांवरच त्याची ताकद संपते. आधी डाग भिजवून, पुसून, धुऊन काढायचा, मग जंतुनाशक. कोरडं खरवडायचं नाही, झाडायचं नाही, कण हवेत उडतात. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. पृष्ठभाग निदान १० मिनिटं ओला राहिला पाहिजे, मध्येच वाळला तर पुन्हा लावा. द्रावण त्याच दिवशीचं हवं. अमोनिया किंवा आम्ल असलेल्या क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरातलं बाथरूमचं क्लीनर बघून "हेपण घालूया" म्हणणारे मी पाहिले आहेत.

गालिचा आणि गादी वरून बघून ठरवू नका. वर तळहाताएवढा डाग असतो आणि खाली अस्तरात तो ताटाएवढा पसरलेला निघतो. त्यामुळे कापायची हत्यारं सोबत हवीतच, खालची लाकडी फळीही काढावी लागू शकते.

आता पुन्हा तेच, आणि नीट वाचा. किट घालायच्या आधी, स्वच्छ हातांनी, दाराला लागून एक शीट अंथरा आणि कडा टेपने चिकटवा. ही मळकी. तिच्यावर कचऱ्याची पिशवी तोंड उघडून ठेवा. तिच्या पलीकडे दुसरी शीट, स्वच्छ. तिच्यावर पाणी, साबण, ताजे हातमोजे, कोरडे बूट आणि टेकायला स्टूल, कारण चार तासांनी एका पायावर उभं राहता येत नाही. बाहेर येताना मळक्या शीटवर वरचे मोजे काढा. सूट आतून बाहेर गुंडाळत खाली सरकवा, बूट कव्हरसकट त्यातून एकेक पाय काढा आणि ते पाऊल सरळ स्वच्छ शीटवर ठेवा. आतले मोजे बदला. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून काढा, मास्क सर्वांत शेवटी. मग मोजे काढून हात धुवा. सुटकेच्या भरात आधी मास्क ओढून काढू नका. फोन स्वच्छ बाजूला राहील. तिसरा माणूस मिळाला तर त्याला बाहेरच ठेवा, घरच्यांना त्या शीटपासून लांब बसवणं हे त्याचं काम. पाणी प्यायला बाहेर यायचं तरी हा सगळा क्रम पुन्हा. कंटाळा येतो, तरी करायचाच.

सुई टोचली तर मोजे काढून साबणाने धुवा, जखम पिळू नका, लगेच डॉक्टर. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकं बरं. डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून स्वच्छ बाजूला चिकटवा.

पिशव्या दुहेरी, चिठ्ठी लावून, परवाना असलेल्या जैविक कचरा गाडीतच. शेवटी टॉर्च तिरपा धरून भिंतीचा खालचा भाग, दाराची मूठ, बटणं बघा. घरच्यांच्या वस्तू स्वच्छ पुसून, मोजून, सही घेऊन द्या. शीट सर्वांत शेवटी, ताजे मोजे घालून, आत दुमडत गोळा करा. मग जिन्याच्या कठड्यावरही जंतुनाशक फिरवा, तुम्ही त्याला हात लावला नसला तरी.