ठाण्याच्या दमट हवेत गिटार घडवायला शिकताना

वागळे इस्टेटला किंवा रबाळ्याला छोटासा गाळा घेऊन ॲकूस्टिक गिटार घडवायला शिकायचं असेल, तर रंधा-पटाशीच्याही आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, घ्या. स्वस्त डिजिटल मीटर सर्रास चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून तो आधी तपासायचा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर होईल इतपतच पाणी घाला आणि मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर मीटर पाचने कमी दाखवतो, तसं त्याच्यावर लिहून चिकटवा.

एवढी काळजी कशासाठी? स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे गिटारीची पुढची पातळ फळी, साधारण ४०० मिमी रुंद असतो. आर्द्रता ८० वरून ४५ टक्क्यांवर आली की तो रुंदीत चारेक मिमी आकसू पाहतो, लांबीत मात्र जवळपास काहीच नाही. आतून आडवे-तिरपे चिकटवलेले ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, त्याला आकसू देत नाहीत. मग टॉप खपाटीला जातो, तारा फ्रेटला (नेकवरच्या, म्हणजे मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासू लागतात आणि शेवटी लाकडाच्या रेषेत चीर पडते. जुलैत ठाण्यात उघड्यावर जोडलेली गिटार मे महिन्यात नागपूरला गेली की नेमकं हेच होतं. उलट, ४५ टक्क्यांत जोडलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर जाते, पण सहसा फाटत नाही. चुकायचंच असेल तर कोरड्या बाजूला चुका.

त्यासाठी अख्खा गाळा कोरडा करायची गरज नाही. दहा बाय दहाची बंदिस्त खोली, त्यात डीह्युमिडिफायर, त्याच्या पाण्याला बाहेर पाइप आणि काटा ४५ ते ५० टक्क्यांत, एवढं पुरतं. लाकूड त्याच खोलीत पट्ट्यांवर, मधून हवा खेळेल असं रचायचं आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर तोलून वजन लाकडावरच पेन्सिलीने लिहायचं. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड कामाला घ्यायचं. वीज बराच वेळ गेली असेल, तर त्या दिवशी टॉप किंवा बॅकचं चिकटकाम काढू नका. नट (नेकच्या डोक्याकडे तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कोरणं, नेकला आकार देणं, हत्यारांना धार लावणं ही कामं अशा दिवसांसाठी राखून ठेवावीत.

लाकडाबद्दल थोडक्यात. टॉपला क्वार्टरसॉन (रेषा फळीच्या जाडीत उभ्या येतील असं कापलेलं) स्प्रूस किंवा सीडर. बॅक आणि साइडला आपला शिसव; जगभरचे गिटार बनवणारे तो आवडीने वापरतात. नेकला महोगनी. शिसवाच्या खरेदीचं बिल जपून ठेवा, २०१७ पासून डाल्बर्जियाच्या, म्हणजे शिसवाच्या कुळातल्या, जवळपास सगळ्या जाती साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत. शिसव तेलकट असतो. चिकटवायच्या जरा आधी रंध्याचा एक हात मारा किंवा ॲसिटोनने पुसा, नाहीतर सांधा पुढे सुटतो. त्याच्या धुळीने अंगावर पुरळ उठतं, म्हणून मास्कशिवाय घासकाम नको. पहिल्या दोन गिटारींना महाग शिसव वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी गिटार टॉपमध्ये असते. स्टील तारांसाठी तो रंधून २.८ ते ३ मिमीपर्यंत आणा आणि तिथे कॅलिपर बाजूला ठेवा. दोन्ही हातांत धरून रेषांना आडवा वाकवून बघा, मग कडेला बोटांत लटकवून टिचकी मारा. सुरुवातीला आवाज ठोकळ्यासारखा बंद येतो. जाडी उतरत जाते तसा तो मोकळा होऊन लांबतो. दोन टॉप एकाच जाडीचे असूनही एक कडक आणि एक लवचीक निघतो, म्हणून आकडा फक्त कुठे थांबून बघायचं ते सांगतो. एक्स ब्रेस (X आकारात जोडलेले दोन मुख्य ब्रेस) ८ मिमी रुंद, १५ मिमी उंच ठेवून सुरुवात करा. ब्रेसचं लाकूड करवतीने न कापता पटाशीने फाकवून घ्यायचं; फाकवल्यावर तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. नवखे लोक ब्रेस फार तासतात. सहा तारांची ओढ मिळून सत्तरेक किलोची असते, हे विसरू नका.

साइड सुमारे २ मिमीच्या. गरम पाइपवर पाणी शिंपडत वाकवायच्या, जोर न लावता. पाइपवर पाण्याचा थेंब नाचायला लागला की तापमान बरोबर. रोझेट (टॉपच्या भोकाभोवतीची नक्षी) आणि बाइंडिंग (कडेची पट्टी) सरावाने जमतं.

फ्रेटबोर्डला मात्र चूक चालत नाही. स्केल (नटपासून घोडीपर्यंतची तारेची लांबी) ६४८ मिमी असेल तर त्याला १७.८१७ ने भागा. पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच भागत जायचं. पण खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. आधीच्या फ्रेटपासून मोजलं की चुका साठत जातात. बारावा ३२४ वर आला नाही, तर तो बोर्ड बाद.

ब्रिज, म्हणजे घोडी, नकाशावरून कधीच लावू नका. नेक बसल्यावर फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा; तिची कड ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकावी किंवा अगदी किंचित वरून जावी. खाली उतरली तर नेकचा कोन सुधारा, ब्रिज घासून वेळ मारून नेऊ नका. ब्रिजच्या जागेचं पॉलिश पूर्ण खरवडून कोरं लाकूड काढा, क्लॅम्प आधी कोरडेच लावून बघा आणि चिकटवल्यावर २४ तास हात लावू नका. फर्निचरचा साधा पांढरा ग्लू उन्हात उभ्या गाडीत नरम पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज हळूहळू सरकतो. टाइटबाँड ओरिजिनल किंवा जुना गरम सरस वापरा.

चपडा लाखेचं पॉलिश जून ते सप्टेंबर उघड्यावर करू नये. ओल धरून त्यावर पांढुरका ढग येतो.

कामं मिळवायची तर सुरुवात दुरुस्तीपासून करा. फ्रेट घासणं, सुटलेला ब्रिज बसवणं, ॲक्शन लावणं यातून गाळ्याच्या भाड्याला हातभार लागतो आणि दुसऱ्याची गिटार कुठे मोडते तेही कळतं. पहिल्या गिटारीला दीडशे-दोनशे तास धरून चाला.

शेवटचं काम सेटअपचं. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.४ मिमी, बारीक तार १.८ मिमी उंच. उघडी तार झणझणत असेल तर नटची खाच बघा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तार रुंद टेकवून मुद्दाम जवारी, म्हणजे झणझणता गुंजारव, काढतो. गिटारीच्या नटवर तोच दोष ठरतो. खाच डोक्याच्या बाजूला उतरती कानसा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच सुटेल.