घराचं काम काढलंय? डेब्री टाकायला नेताना या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात अर्ध्या घरांत तोडफोड सुरू होते, लादी काढ, बाथरूम फोड, आणि अंगणात डेब्रीचा, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याचा, ढीग पडला की मग शोधाशोध, हे आता टाकायचं कुठे. फोन आधी करायचा ओ, हातोडा नंतर! पंचायतीचा एमआरएफ शेड, म्हणजे कचरा वेगळा करायची जागा, मुळात सुक्या कचऱ्यासाठी, बाटल्या पुठ्ठे प्लास्टिक वगैरे, तिथे चिऱ्यांचे तुकडे नेले तर गेटवरूनच परत पाठवू शकतात आणि टेम्पोचं भाडं तुमच्या बोडक्यावर. म्हणून पंचायतीत किंवा पालिकेत आधीच विचारा, डेब्री कुठे घेता, किती घेता, पैसे किती, घरपट्टीची पावती लागते का.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मिक्स मालाचा. पोतं ओतलं की लादीच्या तुकड्यांतून थर्माकोल, वायरी आणि कामगारांच्या जेवणाच्या पिशव्या बाहेर येतात, मग कोण घेणार? केंद्राच्या 2016 च्या नियमांत मोठ्या कामांना चार भाग करायला सांगितले होते, काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक. छोट्या कामालाही हेच करा, पोती पहिल्या दिवसापासून वेगळी. आणि अख्खी मंगळुरी कौलं, सागवानी चौकटी असं काय असेल तर ते फेकू नका, गिऱ्हाईक मिळतं.

वजनाचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि तेवढी डेब्री सहज तीन टनांवर जाते, छोटा हत्ती टेम्पो बिचारा पाऊण टनाच्या आसपासचा. त्यात पावसात भिजली तर अजून जड, शिवाय माती वाहून गटार तुंबतं ते वेगळंच, तेव्हा ताडपत्री घाला.

कॉन्ट्रॅक्टर 'मी बघतो' म्हणाला की कुठे टाकणार ते विचाराच, नायतर तुमची लादी कुणाच्या तरी शेतात सापडते. जागेचा फोटो किंवा पावती हातात आल्याशिवाय शेवटचं पेमेंट करू नका.

जुने सिमेंटचे पत्रे मात्र फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना वाईट. पाणी मारून अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि डेब्रीत न घालता पंचायतीला वेगळं विचारा. रंगाचे डबे, ट्यूबलाईट, बॅटऱ्या पण तशाच बाजूला ठेवायच्या, जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो.