बोलँजे शँपेनची शैली ग्लासात कशी ओळखावी

शँपेन घराण्याची शैली समजून घ्यायची असेल, तर ज्या बाटलीवर साल छापलेले नसते अशा त्याच्या नेहमीच्या बाटलीपासून सुरुवात करावी. सालवार वाइनमध्ये त्या वर्षीच्या हवामानाचा वाटा मोठा असतो. नेहमीच्या बाटलीत मात्र घराण्याने वर्षानुवर्षे काय टिकवून धरले आहे, ते दिसते. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील आ-ई या गावी १८२९ साली स्थापन झालेल्या आणि आजही कुटुंबाच्याच मालकीच्या बोलँजेची अशी बाटली म्हणजे ‘स्पेशल क्युव्हे’.

बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवावी. आत सुमारे सहा वातावरणांइतका दाब असल्याने उघडताना ती तिरकी धरून बूच पक्के पकडावे आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. उंच, अरुंद ग्लास टाळून पोट थोडे रुंद असलेला ग्लास घ्यावा. वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला ओतावी. त्याहून थंड असेल, तर या घराण्याचे वैशिष्ट्य झाकलेच जाते.

पहिल्या घोटात चवीचा भरीवपणा पाहावा. मिश्रणात सुमारे ६० टक्के पिनो न्वार ही काळ्या द्राक्षाची जात असल्याने तो येतो. नंतर वासाकडे वळावे. भाजलेल्या अक्रोडासारखी, पिकलेल्या सफरचंदासारखी छटा जाणवली, तर तिचे मूळ ओकच्या जुन्या पिंपांत शोधावे. वाइनच्या एका भागाचे किण्वन या पिंपांत होते, आणि ‘ला ग्रांद आने’ या सालवार वाइनचे तर संपूर्णपणे. पिंपे जुनी असल्याने लाकडाचा किंवा व्हॅनिलाचा वास वाइनवर चढत नाही. लाकडातून झिरपणारी किंचितशी हवा मात्र तिला मुरवते. बोलँजेची खरी खासियत याहीपुढे आहे: राखीव वाइनचा, म्हणजे पुढच्या मिश्रणांसाठी मागे ठेवलेल्या आधीच्या वर्षांच्या वाइनचा, एक भाग टाक्यांऐवजी दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, नैसर्गिक बुचाखाली वर्षानुवर्षे मुरत ठेवला जातो. ही पद्धत खर्चिक आणि कष्टाची आहे. पण चवीला येणारी खोली पाहता ती हट्टाने का जपली असावी, हे पटते.

पावाचा, लोण्याचा वास यीस्टच्या गाळावर मुरल्याने येतो. साल नसलेल्या शँपेनला बाटलीत किमान १५ महिने मुरवावे, असा नियम आहे. बोलँजे त्याहून बराच अधिक काळ देते.

तुलनेसाठी शेजारच्याच मारय गावातील, १८१८ साली स्थापन झालेल्या बिलकार-साल्मों या दुसऱ्या कौटुंबिक घराण्याची ‘ल रिझर्व्ह’ (पूर्वीचे नाव ‘ब्रूट रिझर्व्ह’) सोबत ठेवावी. तिथे भर कमी तापमानातील संथ किण्वनावर असतो. त्यामुळे फळाची ताजी, नाजूक चव पुढे येते आणि ओकने घडवलेला पोत म्हणजे काय, ते वर्णनापेक्षा लवकर कळते.

बाटली संपली नाही, तर दाब धरणारे झाकण लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. बुडबुडे कमी झालेले असतील, पण त्यांच्याखालची वाइन आता अधिक स्पष्ट लागेल.