लाकडी पॅकिंगचा शिक्का: निर्यातदारांनो, या चुका टाळा

वेर्ण्याच्या किंवा कुंकळ्ळीच्या वसाहतीतून निघालेला कंटेनर मुरगावहून जावो की न्हावा-शेवाहून, परदेशी बंदरात तो अडतो तेव्हा पुष्कळदा मालात काडीची खोट नसते. खोट असते मालाखालच्या लाकडात. आणि लाकूड भट्टीत नीट तापले असले, तरी नंतर आपल्याच आवारात, लोडिंगच्या घाईत, त्याची वाट लावली जाते.

नियम आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. २००२ मध्ये तो मंजूर झाला आणि पुढे अनेकदा सुधारला गेला. लाकूड पोखरणारे किडे आणि पाइनची झाडे मारणारा सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म जंत) पॅकिंगमधून देशोदेशी पोहोचू लागले, म्हणून हा बंदोबस्त. ६ मिलिमीटरपेक्षा जाड अखंड लाकडाला कीड मारणारी ट्रीटमेंट (भट्टीत तापवणे किंवा धुरी) हवी, साल काढलेली हवी आणि वर ठरलेला शिक्का हवा.

लोडिंगच्या वेळी ठोकलेले गुटके

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पॅलेट, म्हणजे मालाखालची लाकडी बैठक, शिक्क्याची आणलेली असते. मशीन हलू नये म्हणून कंटेनरमध्ये दोन्ही बाजूंना पाचरी आणि आडव्या रिपा ठोकायच्या असतात. सुतार आवारात पडलेली आंब्याची फळी उचलतो, कापतो, ठोकतो. हे झाले डनेज, आणि डनेजला पॅलेटचाच नियम लागू होतो. एका बिनशिक्क्याच्या पाचरीपायी अख्खा कंटेनर अडू शकतो.

जे शिक्क्याची रीप आणतात, तेही इथे फसतात. तीन मीटरच्या रिपेवर दोन टोकांना दोन शिक्के. तिचे सहा गुटके केले की मधले चार कोरे. रीप मागवतानाच सांगा, की शिक्का सबंध लांबीवर थोड्याथोड्या अंतराने हवा. कापताना करवत शिक्क्यावरून जाऊ देऊ नका. अर्धवट उमटलेला शिक्का म्हणजे शिक्काच नाही. कोरे तुकडे उरले तर स्वतःचा रबरी शिक्का करून मारायचा मोह टाळा. तो अधिकार फक्त मान्यताप्राप्त ट्रीटमेंट युनिटचा, बाकी सगळी बनावटगिरी.

‘प्लायवूडची पेटी आहे, काही लागत नाही’

हे अर्धेच खरे. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला बोर्ड) यांना सूट आहे, कारण ते बनतानाच गोंद, उष्णता आणि दाबातून जातात. पण पेटीखालचे रनर, कोपऱ्यातल्या उभ्या पट्ट्या, झाकणाच्या बॅटन बहुधा अखंड लाकडाच्या असतात. त्यांना सूट नाही.

शिक्क्यातल्या चुका

चौकटीत चारच गोष्टी असतात: आयपीपीसीचे (वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे (आपल्यासाठी आयएन), युनिटचा कोड आणि ट्रीटमेंटची खूण, उदाहरणार्थ एचटी (भट्टीत तापवणे) किंवा एमबी (वायूची धुरी). चिन्ह आणि कोड यांच्यामध्ये उभी रेघ लागते. कंपनीचे नाव, तारीख, लॉट नंबर चौकटीबाहेर. हाताने रंगवलेला शिक्का चालत नाही, स्टिकरही नाही, कारण ते काढून दुसरीकडे चिकटवता येते. लाल आणि नारिंगी रंग टाळा, ते धोकादायक मालाच्या लेबलांचे रंग आहेत. समोरासमोरच्या निदान दोन बाजूंवर शिक्का असला तर तपासणी सोपी जाते. पॅलेट रंगवायची असेल तर शिक्का आधी झाकून घ्या. रंगाखाली गेलेला शिक्का वाचता आला नाही, तर तो नसल्यातच जमा.

आणि ट्रीटमेंट सर्टिफिकेट? खरेदीदाराने मागितले तर जरूर द्या. पण तपासणारा लाकूड बघतो. फाइलमध्ये सर्टिफिकेट आहे आणि लाकडावर शिक्का नाही, तर बहुतेक ठिकाणी त्या कागदाने काम भागत नाही.

भट्टीत आणि ताडपत्रीखाली

एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यासकट ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. हवेचे तापमान नव्हे, गाभ्याचे. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत आणि टोकापासून निदान ३० सेंटिमीटर आत गेलेला हवा. भोक बुजवलेले हवे, नाहीतर प्रोब गरम हवाच मोजतो. मध्येच वीज गेली आणि पारा ५५ वर आला, तर अर्धा तास पहिल्यापासून मोजायचा. म्हणून युनिटकडून नुसते सर्टिफिकेट न घेता तापमानाचा आलेखही मागा. सरळ चढलेली आणि अर्धा तास टिकलेली रेघ कुणालाही वाचता येते.

एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, किमान २४ तास. लाकडाचे तापमान २१ अंश किंवा जास्त असेल तर सहसा घनमीटरला ४८ ग्रॅमपासून सुरुवात करतात. २४ तासांनंतरही २४ ग्रॅम उरलेले हवेत. लाकडाची सर्वांत लहान बाजू २० सेंटिमीटरच्या वर असेल तर ही पद्धत चालत नाही. साल धुरी देण्याआधीच काढायची, कारण सालीखाली वायू नीट पोहोचत नाही. एचटीत ती नंतर काढली तरी चालते. चुकून राहिलेली साल ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद, किंवा रुंद असल्यास त्या तुकड्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हरकत नाही. खरेदीदाराने ऑर्डरमध्ये एचटीच लिहिले असेल तर मात्र एमबीचा आग्रह धरू नका.

पावसाळा

एचटी म्हणजे वाळवणे नव्हे. ओल्या लाकडाचा गाभाही ५६ अंशांवर जातो आणि भट्टीतून ते बरेचसे ओलेच बाहेर येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अशा पॅलेटवर बंद कंटेनरमध्ये बुरशी धरणारच. आयएसपीएम १५ बुरशीवर आक्षेप घेत नाही, पण खरेदीदार घेतो, औषध कंपन्या तर हटकून. मॉइश्चर मीटरने तपासा. २० टक्क्यांच्या आत असेल तरच भरा. शिक्का मारलेल्या लाकडाचा साठा शेडमध्ये, जमिनीपासून उचलून ठेवा. खाली पिठासारखा भुगा दिसला तर ती पॅलेट बाजूला काढा: शिक्का असला तरी जिवंत कीड सापडणे हा वेगळा गुन्हा.

दुरुस्तीच्या नावाखाली नवी पॅलेट

आयात मालाबरोबर आलेली शिक्क्याची पॅलेट जशीच्या तशी पुन्हा वापरता येते, पुन्हा ट्रीटमेंट लागत नाही. दोन-तीन फळ्या बदलल्या, तर त्या ट्रीटमेंट झालेल्या आणि प्रत्येकीवर स्वतःचा शिक्का असलेल्या हव्यात. साधारण एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला की ती नवी पॅलेट समजली जाते. तेव्हा जुने सगळे शिक्के घासून किंवा रंगाने कायमचे मिटवायचे, अख्ख्या पॅलेटला पुन्हा ट्रीटमेंट द्यायची आणि नवा शिक्का मारायचा.

चूक लक्षात आली तर

सील लागायच्या आधी सापडली तर उपाय स्वस्त: कोरा तुकडा काढा, शिक्क्याचा घाला आणि प्रत्येक पॅलेटच्या शिक्क्याचा फोटो ठेवा. परदेशात सापडली तर देशागणिक चित्र बदलते. अमेरिकेत १ नोव्हेंबर २०१७ पासून पहिल्याच चुकीलाही दंड होऊ शकतो, आणि सहसा तिथे ट्रीटमेंट करून सुटका होत नाही, लाकूड देशाबाहेर पाठवावे लागते. माल वेगळा काढून फक्त लाकूड परत पाठवू द्यायचे की नाही, हे तिथले अधिकारी ठरवतात. तो खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हे खरेदीदाराशी करार करतानाच लिहून घ्या.